हगाम्याच्या कडेला

निवेदक माइकवर फुंकर मारतो आणि लहान पोरांना आत बोलावतो. सात-आठ वर्षांची पोरं लंगोट सावरत मातीत उतरतात. काहींकडे लंगोटही नाही, शाळेची खाकी चड्डी वर दुमडून खोचलेली. या रेवड्यांवरच्या कुस्त्या. हलगीवाला अजून हलगी तापवतोय, त्याचं आखाड्याकडे लक्ष नाही. पोरांना त्याची फिकीर नाही. ती मांडीवर थाप मारतात, एकमेकांच्या मानेत हात घालतात आणि लगेच लोळतात. जिंकणाऱ्याला ओंजळभर रेवड्या मिळतात. हरलेल्याच्या हातातही पंच मूठभर कोंबतो. दोघं कडेला येईपर्यंत रेवड्या संपलेल्या असतात आणि खरं कोण जिंकलं यावरून पुन्हा जुंपलेली असते.

श्रीगोंदा तालुक्याच्या दक्षिणेकडचं, भीमेपासून फार लांब नसलेलं हे गाव. चैत्रातली यात्रा. काल रात्री देवाचा छबिना निघाला, आज सकाळी तमाशाच्या हजेऱ्या झाल्या, आणि आता ऊन कलल्यावर कुस्त्यांचा हगामा. कमानीवरच्या फ्लेक्सवर जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर छापलंय, माइकवरचा माणूस अजून ‘नगर जिल्हा’च म्हणतोय. ओढ्याकाठचं वावर कांदा निघाल्यापासून मोकळं होतं. ते नांगरून, ढेकळं फोडून, पाणी मारून आखाडा केलाय. भोवती माणसांचं कडं: पुढचे बसलेले, मागचे उभे, त्यांच्या मागचे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढलेले. रसवंतीच्या चरकाची घुंगरं आणि हलगी यांचा ताल काही जमत नाही.

माझ्या डाव्या हाताला गावातल्या तालमीचे वस्ताद बसलेत. साठी उलटलेली, दोन्ही कान मोडलेले, अंगात पांढरा नेहरू शर्ट, खिशात चुन्याची डबी. कुस्ती चालू आहे आणि ते आखाड्याकडे पाठ करून गर्दी न्याहाळतायत.

“वस्ताद, कुस्ती इकडं आहे.”

“ज्याची जोड लागलीय ते पोरगं कुठं जातंय? मी न आलेली मोजतोय.”

बोटं दुमडत ते मोजतात. दोघं सापडत नाहीत. एक लग्नाला गेलाय, त्याचं माहीत आहे. दुसऱ्याचं माहीत नाही. वस्ताद चुन्याची डबी उघडतात आणि न मळताच बंद करतात.

ओढ्याच्या अंगाला बाभळीखाली मोटरसायकली उभ्या आहेत. एकीचीही नंबरप्लेट धड दिसत नाही. त्यांवर रेललेली सहा-सात पोरं, वय सोळा ते वीस. हातात मोबाइल, अंगात नवे कोरे टी-शर्ट. गावात त्यांना ‘लोकेशनवाले’ म्हणतात. भीमेच्या आणि घोडच्या पात्रातून रात्री वाळू उचलली जाते. ढंपर निघायच्या वेळी ही पोरं फाट्यावर बसतात, आणि महसूलची किंवा पोलिसांची गाडी दिसली की फोन लावतात. काम एवढंच. फावडं धरायचं नाही, ओझं उचलायचं नाही.

“एका रातीत बापाच्या आठवड्याची मजुरी,” वस्ताद म्हणतात. “त्याच्यापुढं मी काय देणार? जोर आन् बैठका.”

उजवीकडे तालुक्याच्या हायस्कुलातले क्रीडाशिक्षक आहेत. शाळा सुटल्यावर ते भरतीची पोरं पळवतात. पोलिस भरतीची मैदानी परीक्षा पन्नास गुणांची: मुलांना 1600 मीटर धावण्याचे वीस, शंभर मीटरचे पंधरा, गोळाफेकीचे पंधरा. तेवढ्यासाठी या भागातले रस्ते पहाटे पळणाऱ्या पोरापोरींनी भरतात. सरांच्या पोरांच्या तोंडी सतत एकच नाव: अविनाश साबळे. शेजारच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा शेतकऱ्याचा मुलगा, बारावीनंतर सैन्यात शिरला, तिथे स्टीपलचेस धावायला लागला, 2022 मध्ये बर्मिंगहॅमला राष्ट्रकुलचं रौप्य आणलं आणि 2024 ला पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत धावला. सर म्हणतात, “पोरांना पदक दिसत नाही. त्यांना नोकरी दिसते. आणि ते बरंय.”

आखाड्यात आता शंभराच्या, दोनशेच्या जोडी लागतायत. मुलींचीही एक जोड निघते आणि ट्रॉलीवरचे हसायला लागतात. निवेदक त्यांना तिथल्या तिथे गप्प करतो: याच तालुक्यातल्या टाकळी लोणारच्या भाग्यश्री फंडनं 2025 ला महिला महाराष्ट्र केसरी मारली, ते विसरलात का? हसणं थांबतं. मुलगी पट काढते, मागे जाते, मोळी बांधते आणि पाठ लावते. कुणीतरी वरून पन्नासाची नोट टाकतो.

कमिटीचे अध्यक्ष माइक घेतात. क्रीडा स्पर्धेच्या उद्घाटनात होतं तेच भाषण: तरुणांनो, मैदानावर या, मैदानावर आलेला पोरगा वाईट मार्गाला लागत नाही. टाळ्या पडतात. बाभळीखालचेही टाळ्या वाजवतात.

त्यांच्यातल्या दोघांनी याच वस्तादांच्या हाताखाली चार वर्षं माती अंगाला लावलेली आहे. सर ते मला खालच्या आवाजात सांगतात.

भाषणात म्हटलं तितकं हे सरळ नाही, हे मोजूनही पाहिलं गेलंय. डच संशोधक अनूक स्प्रुइट आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये या विषयावरचे 51 अभ्यास एकत्र तपासले. त्यांत एक लाख बत्तीस हजारांहून जास्त किशोरवयीन मुलं-मुली येत होती. खेळणारी मुलं कमी गुन्हे करतात, असा ठाम संबंध निघाला नाही. जास्त करतात असाही नाही. नॉर्वेतल्या एन्ड्रेसन आणि ओल्वेउस यांचा 2005 चा निष्कर्ष आजच्या जागी जास्त बोचणारा आहे. बॉक्सिंग, कुस्ती, वजन उचलणं, कराटे अशा ताकदीच्या खेळांत शिरलेल्या मुलांची मैदानाबाहेरची दांडगाई वाढलेली त्यांना दिसली. मी हे वस्तादांना सांगतो. ते रागावतील असं वाटतं. ते मान डोलावतात.

“बरोबर हाय की. अंगात रग आली की ती कुठंतरी निघणार. आमच्या वक्ताला इलेक्शन आलं की पुढारी तालमीत यायचे. कशाला? आम्हाला दूध पाजायला?”

पाचशेच्या जोडी सुरू होतात. वस्ताद पहिल्यांदा आखाड्याकडे तोंड करून नीट बसतात. त्यांचा पठ्ठ्या उतरलाय. लाल लंगोट, सतरा वर्षांचं वय, खांदे वयाच्या मानानं रुंद. समोर कर्जत तालुक्यातला, त्याच्याहून बोटभर उंच. दोघं मातीला हात लावतात, कपाळाला लावतात, सलामी झडते. हलगी एकदम चढते.

या पोराबद्दल सरांनी येतानाच सांगितलंय. गेल्या वर्षी एका ‘भाऊ’च्या वाढदिवसाला रस्त्यात तलवारीनं केक कापला, त्याचं रील निघालं, रीलवरून दुसऱ्या गटाशी वाजलं, त्यात एकाच्या हातावर कोयता बसला. कोयता याच्या हातात नव्हता, पण हा तिथे होता. प्रकरण बाल न्याय मंडळापुढे गेलं. अठराच्या आतला म्हणून कागदावर ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’, गावात मात्र ‘केसवाला’. काही दिवस निरीक्षणगृहात काढून आला तेव्हा बाभळीखालच्यांनी त्याला हार घातला होता.

लाल लंगोट एकेरी पट काढायला जातो, फसतो, खाली येतो. कर्जतचा पाठीवर बसून घिस्सा मारतो. माती उडते. लाल लंगोट गुडघ्यावर येतो, उठतो, वळतो आणि ढाक टाकतो. दोघं एकदमच हवेत जातात, एकदमच आपटतात. कोणाची पाठ आधी लागली हे माझ्या जागेवरून दिसत नाही. फेटेवाला पंच वाकतो, सरळ होतो आणि कर्जतच्या पोराचा हात वर करतो.

“अन्याव! अन्याव!” आमच्या बाजूचं कडं उठतं.

लाल लंगोट पंचाकडे चाललाय. मुठी आवळलेल्या, छातीवर माती, तोंडातून शब्द नाही. बाभळीखालची पोरं गर्दी फोडत आत घुसतायत. “सोडू नको त्याला!” पंच दोन पावलं मागे सरतो. कर्जतची मंडळीही उठलीत. हवालदार शिट्टी शोधतोय.

इथून तासा-दीड तासाच्या अंतरावर, नगरच्या वाडिया पार्कवर, हे सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलंय. 2 फेब्रुवारी 2025. महाराष्ट्र केसरीच्या गादी विभागाची अंतिम कुस्ती, पृथ्वीराज मोहोळ विरुद्ध शिवराज राक्षे. पंचांनी राक्षेला चितपट दिलं. दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, असं त्याचं म्हणणं. निकाल फिरला नाही, तेव्हा त्यानं पंचाची कॉलर धरली आणि लाथ मारली. त्याच रात्री किताबाच्या कुस्तीत महेंद्र गायकवाड निर्णयावर चिडून काही सेकंद शिल्लक असताना मैदान सोडून गेला आणि गदा मोहोळच्या खांद्यावर आली. राक्षे आणि गायकवाड दोघांवरही तीन वर्षांची बंदी घातली गेली. त्याच साली मार्चमध्ये कर्जतला दुसऱ्या संघटनेची वेगळी महाराष्ट्र केसरी भरली. एका जिल्ह्यात, दोन महिन्यांच्या आत, दोन महाराष्ट्र केसरी. कुस्ती चालवणाऱ्यांनाच आपसातला निकाल मान्य नाही, आणि सतरा वर्षांच्या पोरानं पंचाचा मानावा अशी अपेक्षा. मोठ्या नावांचंही तेच. मल्ल सुशील कुमारनं 2008 ला बीजिंग ऑलिंपिकमध्ये कांस्य आणि 2012 ला लंडनमध्ये रौप्य जिंकलं, तेव्हा देशभरातल्या तालमींत त्याचे फोटो लागले. 2021 पासून तो एका तरुण मल्लाच्या खुनाच्या खटल्यात आरोपी आहे. ती मारहाण झाली ते ठिकाण दिल्लीचं छत्रसाल स्टेडियम, जिथे तो घडला.

वस्ताद उठत नाहीत. बसल्या जागेवरून हाक मारतात. आवाज फार मोठा नाही.

“पैलवान! हात मिळवायचा राह्यलाय.”

लाल लंगोट थांबतो. वळून बघत नाही. छाती वर-खाली होतेय. मग पंचाला वळसा घालून तो कर्जतच्या पोराकडे जातो, तोंड दुसरीकडे ठेवूनच हात पुढे करतो. कर्जतचा तो हात धरतो आणि झटक्यात त्याला मिठी मारतो. हलगीवाला ही संधी सोडत नाही, जोरात ठेका धरतो. गर्दी खाली बसते. पंच फेटा सारखा करतो. हरलेल्या पोराच्या अंगावरही नोटा पडतात.

तो बाहेर येतो तसा बाभळीखालच्यांचा घोळका त्याला वेढतो. पाठीवर थापा. “टेन्शन नको घेऊ, फाट्यावर गाठू त्याला. घरी जाणारच ना.” वस्ताद पाण्याची बाटली पुढे करतात. सांत्वनाचा एक शब्द नाही.

“ढाक लवकर टाकली. उद्या पाचला.”

“वस्ताद, पाठ नव्हती लागली.”

“उद्या पाचला.”

तो पाणी पितो, उरलेलं डोक्यावर ओततो, कपडे घ्यायला जातो. सर त्याला हाताला धरून बसवतात. फॉर्म भरलास का, विचारतात. तो मान हलवतो. “केस हाय सर माझ्यावर. चारित्र्य पडताळणीत उडवतील.”

हे मी या भागात पुन्हा पुन्हा ऐकतो. भरतीची पोरं मारामारीपासून चार हात लांब राहतात ती भरतीपायीच: केस पडली की भरती गेली. ट्रॅव्हिस हर्शी या अमेरिकन अभ्यासकानं 1969 मध्ये हाच धागा पकडला होता. माणसं गुन्हा का करतात यापेक्षा बहुतेक माणसं तो का करत नाहीत, हे त्यानं विचारलं, आणि उत्तरात एक कारण असं दिलं की त्यांच्याजवळ घालवण्यासारखं काहीतरी जमलेलं असतं. पण याच धाग्याची दुसरी बाजूही आहे. एकदा केस पडलेल्या पोराला वाटतं, आता घालवायला काही राहिलंच नाही. हार घालणारे नेमके त्याच दिवशी येतात.

सर मोबाइल काढून त्याला 2015 च्या बाल न्याय कायद्याचं कलम 24 वाचून दाखवतात. अठराच्या आतल्या मुलावर या कायद्याखाली कारवाई झाली, तरी पुढे तिच्यापायी त्याला अपात्र ठरवता येत नाही, आणि ठरलेल्या मुदतीनंतर ते कागदही नष्ट करायचे असतात. सोळा ते अठरा वयात घोर गुन्हा असेल आणि मंडळाच्या चौकशीनंतर खटला मोठ्यांसारखा चालला, तर गोष्ट निराळी. याच्या बाबतीत तसं झालेलं नाही. सर्वोच्च न्यायालयानंही 2019 मध्ये, लहान वयातल्या प्रकरणावरून तरुणाची नोकरी अडवता येत नाही, असं म्हटलंय. पोरगं ऐकतं. विश्वास बसलेला दिसत नाही. “मला लिहून द्याल का, सर?” सर यात्रेच्या पत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूला कलमाचा नंबर लिहून देतात. तो कागद घडी करून पँटच्या खिशात ठेवतो.

मी वस्तादांना विचारतो, एवढं सगळं झालेलं पोरगं परत तालमीत कसं आलं?

“चावी दिली.”

“कसली?”

“तालमीची. जे पोरगं सटकायच्या बेतात हाय, त्याच्याकडं चावी द्यायची. पाचला हा आला न्हाय तर वीस पोरं भाईर उभी. तीच शिव्या घालत्यात घरी जाऊन. मला जावं लागत न्हाय.”

स्वीडनमध्ये माहोनी आणि स्टॅटिन यांनी 2000 साली सातशेवर चौदा वर्षांच्या मुलांचा अभ्यास केला होता. ठरलेली वेळ, ठरलेलं काम आणि शिकवणारा मोठा माणूस असलेल्या उपक्रमांत जाणारी मुलं कमी बिघडलेली दिसली. सरकारी खर्चाच्या युवक केंद्रांत मुलं नुसती जमायची, टेबलावर खेळायची, कोणी काही शिकवायचं नाही. तिथे जाणारी मुलं उलट जास्त वांड निघाली. वस्तादांना स्वीडन कुठे आहे ते माहीत नाही. सकाळी पाचला बोटं दुमडून मोजायचं त्यांना माहीत आहे. बाभळीखाली सावली आहे, मोबाइल आहे, दोस्त आहेत; कुणी आलं नाही म्हणून विचारणारं मात्र तिथे कोणी नाही.

बंदोबस्ताचा हवालदार शेजारी येऊन टेकतो, टोपी काढून घाम पुसतो. त्याचा अनुभव तो दोन वाक्यांत सांगतो. यात्रेतल्या मारामाऱ्या आखाड्यात फार कमी होतात. होतात त्या मिरवणुकीत डीजेपुढे आणि रात्री तमाशाच्या फडावर, जिथे पोरं असतात पण त्यांचा कोणी नसतो. “इथं बघा, हाक मारली तर थांबलं,” तो म्हणतो. “फाट्यावर कोण हाक मारणार?”

दिवस मावळतीला येतो. शेवटच्या मानाच्या कुस्तीआधी निवेदक देणग्यांची यादी वाचतो. चांदीची गदा अमक्यांकडून, एक लाखाचं इनाम तमक्यांकडून, हलगीवाल्यांचा फेटा आणखी कोणाकडून. प्रत्येक नावामागे ‘युवा नेतृत्व’. लाखाच्या कुस्तीचे दोन्ही मल्ल बाहेरगावचे आहेत, गाड्या करून आलेत, आणि खेळून रात्रीच परततील. वस्ताद उठतात, पायजम्याची माती झटकतात आणि सरळ माइकपाशी जातात.

“तालमीची लाइट तोडलीय. बिल थकलंय. पोरं अंधारात मेहनत करत्यात. माती बदलायचीय, तेल-हळद लागती. लाखातलं धा हजार तिकडं वळवा.”

क्षणभर माइक खरखरतो. अध्यक्ष हसून म्हणतात, “वस्ताद, यात्रेचा हिशोब होऊ द्या, बघू.”

“मागल्या साली बी हेच म्हणला व्हता.”

गर्दी हसते. एक कांद्याचा व्यापारी हात वर करतो: बिल मी भरतो, तालमीवर माझ्या नावाचा बोर्ड लावाल का?

“बोर्ड कशाला? पाचला ये. पोरास्नी नाव सांगतो तुझं.”

हशा आणखी मोठा होतो. व्यापारी मान खाली घालतो, पण खिशातून पैसे काढतो आणि खजिनदाराकडे देतो. खजिनदार पावती फाडतो. माती आणि तेलाचं कोणी काही बोलत नाही.

मानाची कुस्ती पंचवीस मिनिटं चालते आणि बरोबरीत सोडवली जाते. लोक नाराज होऊन उठतात, गोडीशेवेच्या पालांकडे पांगतात. बाभळीखाली एक-एक गाडी सुरू होते. शेवटच्या गाडीवर मागे लाल लंगोटवाला बसलाय, आता जीन्समध्ये. गाडी फाट्याच्या दिशेनं निघते. सरांना ती दिसते, मलाही. वस्तादांनी तर ती केव्हाच पाहिलीय.

“वस्ताद, अडवायचं होतं.”

“किती जणास्नी अडवू?”

“मग चावी तरी मागून घ्यायची.”

“चावी मागितली तर मग तो येणारच न्हाय.” वस्ताद चपला शोधतात. “राहू दे त्याच्याकडंच. पाचला कळंल.”